वीस सामायिकांचा प्रवास

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणारे विमान सुमारे १६ तास घेते. औरंगपुऱ्यातील एका कापड व्यापाऱ्यांनी तिकीट हाती येताच सवयीने हिशेब मांडला. सामायिकाचा काळ ४८ मिनिटांचा. म्हणजे १६ तासांत बरोबर २० सामायिके! भाजी मंडईच्या गजबजाटात, गिऱ्हाईक आणि फोन सांभाळताना, त्यांना दिवसाकाठी एकही धड साधत नसे.

चालत्या वाहनात विधिपूर्वक सामायिक होत नाही, असे त्यांच्या घरी मानीत. म्हणून त्यांनी व्रत घेतले नाही, केवळ माप घेतले. दर ४८ मिनिटांस एक काम. पहिली नवकाराची माळ, मग जीएसटीचे कागद, मग पुतण्याने फोनमध्ये भरून दिलेली प्रवचने. १८९३ साली वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेस आगबोटीने गेले, तेव्हा प्रवासाचे दिवस मोजावे लागत. आता तास मोजायचे, तरी तेही जड जातात.

चार खंडांतच कागद संपले. प्रवचन ऐकताना डोळा लागला. जाग आली तेव्हा मनगटावरच्या घड्याळात औरंगपुऱ्यात उजाडले होते आणि खिडकीबाहेर काळोख होता. पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानात रात्र लांबतच जाते. नवकारशी कोणत्या सूर्याची धरावी? त्यांनी खिडकीतला सूर्य धरला आणि खाकऱ्याचा डबा तसाच ठेवला.

हाती काही उरले नाही, तेव्हा न लिहिलेले पत्र आठवले. धाकट्या भावाशी सात वर्षे बोलणे नव्हते. दुकानाची वाटणी झाली, मध्ये भिंत उभी राहिली. भांडण मात्र पुढच्या दोन हात ओट्याचे होते. दर संवत्सरीला ते साऱ्या बाजारपेठेस ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत. भिंतीपलीकडे कधी नाही. यंदा पर्युषणात ते न्यू जर्सीत, लेकीच्या बाळंतपणास, असणार होते.

पहिला मसुदा पाच पानांचा झाला. त्यात क्षमा थोडी आणि खतावणीच अधिक: कोणी किती भांडवल घातले, वडिलांच्या आजारपणात कोण किती रात्री जागले. व्यापाऱ्याचा हात, दुसरे काय लिहिणार! दुसरा मसुदा दोन पानांचा. त्यातही ‘तरीपण’ हा शब्द चारदा आला. ते खोडीत असतानाच दिवे लागले, न्याहारीचे ताट आले, बाहेर तांबडे फुटत होते. ते थांबले. सूर्य वर येऊन ४८ मिनिटे होईस्तोवर तिसरा मसुदा लिहून झाला. अवघ्या सहा ओळी, ओट्याचा उल्लेख एकच: तो तू घे.

उतरल्यावर लेकीने सुचविले, फोटो काढून फोनवर पाठवू, क्षणात पोचेल. त्यांनी मान हलविली आणि पाकीट मागितले. पत्ता लिहिताना हात जरा अडला. दोघांचा पत्ता सारखाच होता. केवळ दुकान क्रमांकापुढे ‘ब’ लिहायचा होता.