रशियन भाषेचें पाठ्यपुस्तक निवडतांना

परक्या भाषेचें पहिलें पुस्तक हें परक्या गांवांतील पहिल्या शेजाऱ्यासारखें असतें. तो चांगला भेटला, तर गांव लवकर आपलें होतें. आमच्या ज्येष्ठ बंधूंचें वैद्यकीच्या शिक्षणासाठीं रशियास जावयाचें ठरलें, तेव्हां हा शेजारी शोधण्याचें काम आमच्या वाशीच्या घरांत सुरू झालें. तेथील अनेक विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांस इंग्रजींतून शिकवितात. परंतु खाटेवरचा म्हातारा रुग्ण आपलें दुखणें रशियनमध्येंच सांगणार. तें ज्यास कळत नाहीं, तो वैद्य काय कामाचा?

आम्हीं तीन पुस्तकें जमविलीं. पहिलें नीना पोतापोवा यांचें, मॉस्कोस छापलेलें. तें व्यवस्थित आहे, पण १९९१ सालीं लयास गेलेल्या सोविएत राज्याच्या काळचें. दुसरें निकोलस ब्राउन यांचें १९९६ चें 'न्यू पेंग्विन रशियन कोर्स'. त्यांत इंग्रजींतून सविस्तर व्याकरण असून शेवटीं स्वाध्यायांचीं उत्तरें आहेत. तिसरें 'दरोगा व रस्सीयू', म्हणजे 'रशियाकडील वाट'. त्यांतील पाठ रशियनमध्यें असल्यामुळें तें शिक्षकावांचून अवघड.

पुस्तकें चाळतांना एक गोष्ट ध्यानांत आली. इंग्रजी वाचकास ज्या गोष्टींचें भय वाटतें, त्यांतील कित्येक मराठी मुलांच्या घरच्याच आहेत. रशियनमध्यें लिंगें तीन, आपल्याकडेही तीनच. आपण 'तो आला, ती आली, तें आलें' म्हणतों. रशियन मनुष्य 'ओन प्रिशोल, अना प्रिश्ला, अनो प्रिश्लो' म्हणतो. तेथें विभक्ति सहा. आपल्या शाळेंतील कोष्टक तर आठांचें! रुग्ण कण्हत 'म्न्ये बोल्ना' म्हणेल. त्यांतील 'म्न्ये' म्हणजे 'मला'. आपणही 'मला दुखतें' असेंच म्हणतों.

खरी अडचण आघाताची. दुधास रशियनमध्यें 'मोलोको' असें लिहितात. पण आघात शेवटच्या अक्षरावर असल्यामुळें उच्चार होतो 'मलाको'. साधारण छापील मजकुरांत आघाताची खूण नसते. म्हणून नवशिक्यानें ती खूण दाखविणारेंच पुस्तक घ्यावें. या कसोटीस व घरच्या अभ्यासास पेंग्विनचें पुस्तक उतरलें. मात्र पुस्तक बोलत नाहीं. त्यासाठीं माणूस हवा. मुंबईंत पेडर रोडवरील रशियन हाउसमध्यें या भाषेचे वर्ग चालतात. तेथें जाऊं लागल्यावर 'दरोगा' उघडावें, असें घरांत सर्वानुमतें ठरलें.

पंधराव्या शतकांत त्वेर नगरचा व्यापारी अफानासी निकितिन आमच्या नवी मुंबईच्या दक्षिणेस असलेल्या चौल बंदरांत उतरला व पुढें जुन्नरास गेला. त्याच्यापाशीं मराठीचें छापील पुस्तक कोठून असणार? आमच्या बंधूंपुढें तर तीन आहेत.

विद्यार्थिमित्रहो, कोणतीही परभाषा शिकावयाची झाल्यास पुस्तक अवश्य पारखून घ्या. पण त्याआधीं आपल्या मायबोलीचें व्याकरण एकदां नीट वाचा. निम्मी वाट तेथेंच सरते.