स्टेपचा गज

'बोनापार्ट्स रिट्रीट' ही अमेरिकेच्या ॲपलाचियन डोंगराळ भागात घरोघर वाजलेली जुनी फिडल-धून. नावात नेपोलियनची माघार आहे. कर्ता अज्ञात, म्हणून तिच्यावर 'पारंपरिक' असा शिक्का बसला. व्हायोलिन हाती धरणारा म्हणून मला तो शिक्का अपुरा वाटतो. धून परंपरेनं दिली हे खरं, पण आज जगभरच्या वाद्यवृंदांत तिचं जे रूप गाजतं ते केंटकीच्या एका फिडलवादकाच्या हातचं आहे, आणि त्याचा पुरावा तबकडीवर आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये ॲलन आणि एलिझाबेथ लोमॅक्स या दांपत्यानं लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी केंटकीतल्या सॅलियर्सव्हिल इथं विल्यम हॅमिल्टन स्टेप यांचं वादन मुद्रित केलं. या धुनेसाठी वाद्य वेगळं मिळवतात. एरवी व्हायोलिनच्या तारा जाडीकडून बारकाईकडे जी, डी, ए, ई अशा लागतात. इथं सर्वांत जाड तार उतरवून डीवर आणतात आणि सर्वांत बारीक तारही एका स्वरानं उतरवून डीवर. आपल्या हिशेबानं डी हा षड्ज धरला, तर मंद्र षड्ज, मध्य षड्ज, पंचम, तार षड्ज अशी ती मांडणी झाली. गज जरा कलता ठेवून दोन तारांवर एकदमच फिरवला की धून एका तारेवर चालते आणि शेजारची मोकळी तार घुमत राहते, बॅगपाइपसारखी. ही मांडणी स्टेपची नव्हे, ती जुनीच. अनेक फिडलवादक तिच्यावर ही धून संथ, सैन्याच्या संचलनाच्या अंगानं वाजवत आले. स्टेपनं तीच धून नाचाच्या लयीत धावती केली. हा फरक ऐकायला साधा वाटतो, हाताला मात्र फार जड जातो. उतरवलेली जाड तार सैल असते, ती उशिरा बोलते. संथ वादनात तिला वेळ मिळतो, द्रुत लयीत मिळत नाही. तरीही ती बोलावी म्हणून गजाचा दाब आणि त्याची लांबी क्षणोक्षणी सांभाळावी लागते. स्टेपच्या वादनात ती तार नुसती घुमत नाही, लयीला ढकलत राहते. मला सगळी किमया त्या गजात दिसते.

पुढचा प्रवास कागदावर झाला. रूथ क्रॉफर्ड सीगर या संगीतकार बाईंनी त्या मुद्रणाचं अतिशय बारकाईनं स्वरलेखन केलं आणि ते १९४१ च्या 'आवर सिंगिंग कंट्री' या संग्रहात छापून आलं. १९४२ मध्ये ॲरन कोपलँड यांच्या 'रोडिओ' या बॅलेत 'होडाउन' हा भाग आला आणि त्याची मुख्य धून म्हणजे स्टेपचंच वळण, त्याच धावत्या लयीत.

यावर कुणी म्हणेल, स्टेपनंही धून कुणाकडून तरी उचललीच होती, मग एकट्याला श्रेय का? श्रेय धुनेचं नव्हेच, रूपाचं आहे. संथ संचलनाची धून घेऊन कोपलँड 'होडाउन'ला पोचले नसते. लय पालटण्याचं काम त्यांच्या आधी झालेलं होतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कोपलँडनी केली ती नक्कल नव्हे. मान्य. सुरुवातीला फिडली सुरात लावल्याचा आभास, झायलोफोनचा टणत्कार, वाद्यसमूहांची फेकाफेक हे त्यांचं अस्सल रचनाकौशल्य आहे आणि मला ते मनापासून आवडतं. पण सबंध वाद्यवृंद आपल्या नेहमीच्या सुरावर वाजतो, त्यामुळे सैल तारेचा तो खरखरीत भरणा त्यात उतरत नाही. स्टेपचं काम कोपलँडमध्ये पुरतं सामावलं असं म्हणता येत नाही ते यामुळेच.

ख्यालात आपण बंदिश कुणाची हे सांगतो आणि तालीम कुणाची हेही सांगतो. दोन्ही सांगितल्यानं कुणीच लहान होत नाही. स्टेपचं ते मुद्रण लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहे. 'होडाउन' बसवायला घेणाऱ्यांनी आधी ते ऐकावं, आणि कार्यक्रमपत्रिकेत कोपलँड यांच्या शेजारी विल्यम हॅमिल्टन स्टेप हे नावही छापावं.