गुडघा कोणाच्या हुकमाने टेकला?

इंग्रजीत ‘नील’ असे एक क्रियापद आहे. निळ्या रंगाशी त्याचा संबंध नाही. अर्थ, गुडघे टेकणे. गुडघ्याला इंग्रजीत ‘नी’ म्हणतात, त्यावरूनच ते बनले. स्पेलिंगच्या सुरुवातीचा ‘के’ जुन्या इंग्रजीत उच्चारला जायचा, आज तो मुका आहे. संस्कृतमधला ‘जानु’ याच कुळातला. भूतकाळी रूप ‘नेल्ट’.

हा शब्द वाढला तो देवापुढे आणि राजापुढे. मराठीतही गुडघे टेकले म्हणजे हार मानली. मग हा शब्द गुलामीचाच का? वस्तीतल्या अभ्यासवर्गात आम्ही मुलांसोबत यावर बोलतो, कारण शब्दकोश इथे अपुरा पडतो.

1787 साली इंग्लंडमध्ये जोसाया वेजवूड यांनी गुलामगिरीविरोधी मोहिमेसाठी एक पदक काढले. त्यावर साखळदंडातला काळा माणूस एका गुडघ्यावर बसून हात जोडतो आहे. मोहीम न्यायाची होती, पण चित्रातला माणूस विनवणीच करतो.

2016 साली अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन कॅपरनिक राष्ट्रगीताच्या वेळी एका गुडघ्यावर बसला. काळ्यांवरच्या पोलिसी अत्याचाराचा तो निषेध होता. इथे हात जोडलेले नव्हते, विनवणी नव्हती. उलट सगळे उभे असताना त्याने उभे राहायला नकार दिला. त्या हंगामानंतर त्याला एनएफएलमध्ये पुन्हा खेळायला मिळाले नाही. हार मानणाऱ्याला कोणी अशी शिक्षा देते का?

25 मे 2020 रोजी मिनियापोलिसमध्ये एका गोऱ्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून ठेवला. फ्लॉइड मेला. इंग्रजी बातम्यांत या पोलिसासाठीही ‘नेल्ट’ आणि कॅपरनिकसाठीही ‘नेल्ट’. क्रियापद एकच. एक गुडघा जीव घेणारा, दुसरा जाब विचारणारा.

म्हणून मित्रांनो, गुडघा टेकला का, एवढेच विचारून भागत नाही. कोणाच्या हुकमाने टेकला, कोणासाठी टेकला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे विचारा.

24 ऑक्टोबर 2021 ला दुबईत पाकिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी भारतीय क्रिकेटपटूंनीही गुडघा टेकला. वर्णद्वेषाविरुद्ध टेकला, चांगलेच केले. पण आमचा साधा प्रश्न आहे. खैरलांजीसाठी, हाथरससाठी हा गुडघा का टेकला नाही? दूरच्या अन्यायासाठी गुडघा टेकणे स्वस्त पडते. घरच्या अन्यायासाठी टेकला, तर किंमत मोजावी लागते.

जय भीम!