गडावरचे माहेर

कोल्हापूरहून पन्हाळा अवघा वीस किलोमीटर. शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली की रत्नागिरीचा रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच एखादे गुऱ्हाळ, केर्लीला जोतिबाचा फाटा. वाघबीळला मुख्य रस्ता सोडून गाडी चढाला लागली की कानात हवा भरल्यासारखे होते आणि पाच मिनिटांत अंगावर शाल घ्यावीशी वाटते. समुद्रसपाटीपासून उंची साधारण तीन हजार फूट. कोल्हापुरात पंखा सुरू असताना गडावर लोक गोधडी घेऊन झोपलेले असतात.

किल्ला म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पडके बुरूज आणि रान येते. पन्हाळा तसा नाही. तो तालुक्याचा गाव आहे. गडावर तहसील कचेरी आहे, कोर्ट आहे, शाळा आहेत, नगरपालिका आहे, मशीद आहे, मंदिरे आहेत. तटाच्या आत तीन-साडेतीन हजार माणसे आजही राहतात. त्यांत मराठा, ब्राह्मण, दलित, गवळी आहेत आणि मुसलमानांची घरेही पुष्कळ आहेत. त्यांतलेच एक आमचे. चार खोल्या, पुढे सोपा, मागे परडे आणि परड्यात एक फणस.

या गडाचा इतिहास शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो, म्हणून थोडक्यात सांगते. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याने किल्ला उभारला. पुढे तो बहामनींकडे आणि 1489 नंतर विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. शिवाजी महाराजांनी 1659 च्या नोव्हेंबरात तो घेतला आणि पुढच्याच वर्षी सिद्दी जौहरचा चार महिन्यांचा वेढा पडला. महाराज भर पावसात रात्री निसटले, ते इथूनच. ताराबाईंनी इथून राज्य चालवले. 1782 पर्यंत करवीरची राजधानी इथेच होती. 1844 साली गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केले, तेव्हा इंग्रजांनी चार दरवाजा पाडला. आज तिथे दरवाजा नाही, नाव तेवढे आहे. बसमधले वाहक अजून "चार दरवाजा" म्हणून हाक देतात.

तीन दरवाजावर फारसीतला शिलालेख आहे, आदिलशाही काळातला. आमच्या मरहूम अब्बांची चहाची गाडी त्या दरवाजाच्या जवळ असायची. अब्बांना फारसी येत नव्हते. पण कुरआन शरीफ वाचून अक्षरे ओळखीची झालेली, त्यामुळे ते बोट फिरवत फिरवत "हे बघ, हा अलिफ, इथे लाम" असे मला दाखवत. गिऱ्हाईक आले की बोट काढून बशी पुसायला लागत. पाहुण्यांचा नेहमीचा प्रश्न, "लता मंगेशकरांचा बंगला कुठे आहे?" अब्बा हाताने दिशा दाखवत आणि म्हणत, "आधी अंबरखाना बघा, अंधारबाव बघा. बंगला कुठे पळत नाही." आर्या लिहिणारे मोरोपंत याच गडावर 1729 साली जन्मले, हेही ते प्रत्येकाला न चुकता सांगत. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत. पण कोल्हापुरात दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगमध्ये दोन वर्षे काढलेली, त्याचा अभिमान मोठा. शाहू महाराजांनी 1906 साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी ही सोय केली नसती तर मी सहीसुद्धा केली नसती, असे ते म्हणत.

घरात आमची दखनी, उंबऱ्याबाहेर मराठी. दादी मात्र दोन्ही एकाच वाक्यात घालायची. "ए पोरी, नक्को जाऊ भायेर, धुकं लई हाय," अशी तिची बोली. सुट्टीच्या हंगामात दादी आणि अम्मी झुणका-भाकर करून विकत. आजही अंधारबाव आणि तीन दरवाजाच्या आसपास बायका चूल मांडून बसतात, पाहुण्यांना भाकरी, झुणका, ठेचा आणि दही देतात. मे महिन्यात करवंदे, मग जांभळे. आम्ही मुले पानाच्या द्रोणात करवंदे घेऊन एस.टी.च्या खिडक्यांपाशी पळायचो. आलेले पैसे दादीच्या कनवटीला जायचे आणि शाळा सुरू होताना वह्या होऊन परत यायचे.

पण गडाचे खरे घर पाहायचे तर पावसाळ्यातच. वैशाखापासून तयारी सुरू होई. आधी शाकारणी. अब्बा आणि चाचा घरावर चढून एकेक कौल काढून साफ करत, फुटके बदलत. खाली आम्ही भावंडे रांग करून कौले हातोहात पोचवायचो. पश्चिमेच्या भिंतीला बांबूवर गवताच्या पेंढ्या बांधून उभ्या करायच्या, नाही तर वाऱ्याचा पाऊस मातीची भिंत खाऊन टाकतो. जळण फोडून सोप्याच्या माळ्यावर, गोवऱ्या परड्यातल्या खोपीत. कांदे, लसूण, मिरचीपूड, पापड. आंबा घाटातून येणाऱ्यांकडून सुकट आणि बोंबील. मिठाचे मडके चुलीच्या भानवशीला, कारण आषाढात गडावर मिठाचे पाणी होते. काडेपेटी दादी स्वतःच्या उशाखाली ठेवायची.

मग पाऊस यायचा आणि तीन महिने हलायचा नाही. सूर्य दिसायचा नाही. धुके दारातून आत यायचे आणि समोरच्या घराचा दिवासुद्धा दिसेनासा व्हायचा. कपडे वाळायचे नाहीत. शेगडीवर बांबूची डाल उपडी घालून तिच्यावर कपडे पसरायचे. त्यामुळे शाळेत सगळ्या मुलांच्या गणवेशाला धुराचा वास. कोल्हापूरच्या मामूंकडे गेले की मामेबहिणी नाक मुरडायच्या, "पन्हाळ्याची आली." मला त्या वासाची लाज वाटली नाही. आता घरात वॉशिंग मशीन आहे आणि तो वास कुठे मिळत नाही.

पाणी मात्र पावसाळ्यातही लांबूनच आणायचे. नळ होता, पण पंप बंद पडला की नागझरी. दगडात बांधलेली ही झरी बारमाही. तिच्या पाण्याला लोखंडाची चव. तिथे जातीपातीची रांग नव्हती असे मी म्हणणार नाही. दादीच्या लहानपणी होती, ती सांगायची. आमच्या वेळी मात्र जो आधी येईल तो आधी भरे, आणि भांडणे व्हायची ती घागर पुढे सरकवल्यावरून.

1981 सालचा रमजान ऐन जुलैत आला होता. मी दहा वर्षांची, पहिल्यांदाच सगळे रोजे धरायचे ठरवलेले. पावसाळ्यात तहान लागत नाही, पण गारठ्यात भूक फार लागते. आमच्या भिंतीला भिंत लावून काकींचे घर होते. त्यांचे यजमान पहाटेच्या गाडीने कोल्हापूरला कामाला जात, म्हणून काकी लवकर उठत. सहरीची वेळ झाली की त्या भिंतीवर लाटणे आपटत. पहिले दोन ठोके अम्मीसाठी, तिसरा माझ्यासाठी. घड्याळ आमच्याकडेही होते, पण महिनाभर त्या ठोक्यानेच घर उठले. मगरीबला अजानचा आवाज धुक्यातून यायचा; कधी वारा उलटा असला तर तोही पोचायचा नाही, मग अब्बा मोठ्या भावाला मशिदीपर्यंत पिटाळत. ईदच्या चांदचा तर प्रश्नच नव्हता. महिन्याभरात आकाशच दिसले नव्हते. कोल्हापूरहून शेवटच्या एस.टी.ने आलेल्या एकाने खबर आणली, तोवर अम्मी तराविहच्या तयारीत होती. रात्री बारापर्यंत शीरखुर्म्याच्या शेवया भाजणे चालले. दूध काकींकडून आले. सकाळी पहिली वाटी त्यांच्याकडे गेली. त्यांच्याकडे गौरी-गणपतीला आमच्या परड्यातला तेरडा जायचा, हे दोन्ही घरांत इतके ठरलेले होते की कुणी कुणाचे आभार मानत नसे.

पाऊस सरला की ऑक्टोबरात एका सकाळी धुके फाटायचे आणि खाली सगळा मुलूख दिसायचा. एका बाजूला जोतिबाचा डोंगर, जवळच पावनगड, मसाईच्या पठारावर फुले, आणि रात्री लांबवर कोल्हापूरचे दिवे. अब्बा म्हणायचे, कोल्हापूरवाल्यांना तारे वर दिसतात, आपल्याला खालीपण.

माझे लग्न होऊन मी कोल्हापुरात आले. मोठे भाईजान नोकरीसाठी पुण्याला, धाकटा इचलकरंजीला. अब्बा गेल्यावर अम्मी एकटीच गडावर राहिली. किती सांगितले तरी खाली येईना. दोन दिवस यायची आणि तिसऱ्या दिवशी गुदमरल्यासारखे होते म्हणून परत.

जुलै 2021 मध्ये महापूर आला. पंचगंगेने रस्ते बुडवले आणि त्याच पावसात गडावर जाणारा मुख्य रस्ता खचून दरीत गेला. गाड्या बंद झाल्या. अम्मीची बी.पी.ची औषधे संपत आलेली आणि मी वीस किलोमीटरवर असून जाऊ शकत नव्हते. फोन लागला की ती हसून म्हणायची, "अगं, सिद्दी जौहरने चार महिने बसवलं होतं, मी चार दिवस बसू शकत नाही का?" औषधे पोचवली ती काकींच्या नातवाने. तो पायवाटेने उतरला, बुधवार पेठेपर्यंत चालत गेला आणि चालतच वर आला. काकी तोवर हयात नव्हत्या. पुढच्या वर्षी अम्मीही गेली. तिला गडावरच, अब्बांच्या शेजारी जागा मिळाली. जनाजा उचलायला मोहल्ला होता आणि काकींच्या घरचे सगळे होते.

तेव्हापासून घराला कुलूप आहे, आणि इथून पुढची गोष्ट बऱ्याच वाचकांच्या घरातलीही असेल. दोघे भाऊ, मी एक बहीण. कुरआनने सांगितलेला हिशेब सरळ आहे, मुलाला दोन, मुलीला एक. म्हणजे हिस्से पाच आणि खोल्या चार. मोठ्या भाईजानचे म्हणणे विकून टाकू. एका हॉटेलवाल्याने किंमतही सांगितली होती. धाकट्याचे म्हणणे पाडून नवे बांधू आणि सुट्टीत भाड्याने देऊ. नातेवाइकांचे म्हणणे माझ्याविषयी होते: बहिणीने हिस्सा सोडावा, म्हणजे माहेर तुटत नाही. हे मी आमच्या समाजात पन्नास वेळा ऐकले आहे. हिस्सा मागितला की बहीण लोभी ठरते आणि सोडला की गुणाची. अल्लाहने दिलेला हक्क रिवाजाने परत घ्यायचा, आणि वर त्याला प्रेमाचे नाव द्यायचे, हे मला पटत नाही. मी भावांना साफ सांगितले, हिस्सा मी सोडणार नाही आणि पैसेही नकोत. मागची चुलीची खोली माझी.

नवे बांधण्याचा विचार मात्र कायद्यानेच थांबवला. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. 1958 च्या कायद्यात 2010 साली ही दुरुस्ती झाली. आमचे घर तटाला लागून आहे. जुन्या घराची दुरुस्तीसुद्धा परवानगीनेच. त्यात 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतले अकरा महाराष्ट्रात, एक तामिळनाडूत जिंजी, आणि पन्हाळा त्यात आहे. गडावर फटाके वाजले. धाकधूकही होती, यादी झाली की आपल्याला उठवतील का, हा प्रश्न यादीच्या आधीपासून गडावर प्रत्येक सोप्यात विचारला जात होता. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. बुरूज जपायलाच हवेत. पण या गडावर माणसे राहिली, त्यांनी वाटा मळल्या, विहिरी उपसल्या, तटावरचे झाड उपटून टाकले, म्हणून तो इतर किल्ल्यांसारखा ओसाड पडला नाही. त्या माणसांचीही कुठेतरी नोंद हवी.

आणखी एक काळजी आहे, ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. 14 जुलै 2024 रोजी विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात मुसलमानांच्या घरांवर आणि मशिदीवर जमाव चालून गेला. तेव्हा भाईजानचा पुण्याहून फोन आला, "आता तरी विकू या का?" मी लगेच उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी काकींच्या नातवाचा फोन आला. त्याने दंगलीविषयी एक शब्द काढला नाही. म्हणाला, "ताई, तुमच्या मागच्या भिंतीला ओल आलीय, पाऊस जोरात आहे. पेंढ्या बांधू का?"

मी बांध म्हणाले आणि मग भाईजानना फोन लावला. विक्रीचा विषय त्या दिवसापासून निघालेला नाही. दुरुस्तीचा अर्ज केला आहे. तोवर कौले फेरण्यापलीकडे घराला हात लावायचा नाही, असे तिघांनी ठरवले. या मे महिन्यात आम्ही तिघेही सहकुटुंब गडावर गेलो. भाईजान साठीचे, तरी शिडी चढले. खाली रांगेत आमची मुले आणि काकींची पतवंडे उभी होती. साठ-सत्तर कौले फुटकी निघाली. चुलीच्या खोलीत माळ्यावर दादीची कपडे वाळवायची डाल सापडली. वाळवी लागलेली, पण एक बाजू शाबूत होती. धाकटा ती जाळायला निघाला होता. मी काढून घेतली आणि धुऊन उन्हात ठेवली.