वाटीतलं पाणी

आमच्या घरी शनिवारी दोन गोष्टी चुकत नसत. सकाळी आई मारुतीला तेल वाहायची आणि संध्याकाळी मी ट्रकच्या फिल्टरमधलं पाणी काढायची. हे दुसरं काम मला कुणी मुद्दाम नेमून दिलं असं नाही. अण्णांनी एकदा शिकवलं, मला जमलं आणि मग ते माझंच होऊन बसलं. आल्यागेल्यांना त्याचं भारी नवल वाटे. 'मुलीच्या हातात पाना?' असं म्हणून कुणी हसलं की अण्णा म्हणत, 'पाना फिरवायला हात लागतो, मिशा लागत नाहीत.'

ही गोष्ट कराडची, २००१ सालची. मी तेव्हा बारा वर्षांची होते. ट्रक अण्णांचा स्वतःचा होता. सहा चाकी, जुना आणि अर्धा बँकेचा.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या दारात ट्रक नसेल, म्हणून थोडं सांगते. टाकीतलं डिझेल थेट इंजिनात जात नाही, वाटेत ते गाळावं लागतं. आमच्या गाडीला त्यासाठी शेजारीशेजारी दोन भांडी होती. पहिल्यात कापडी फिल्टर, जाडाभरडा कचरा अडवायला. दुसऱ्यात कागदी, बारीक गाळ धरायला. एवढा खटाटोप कशासाठी? तर पुढे जो डिझेलचा पंप असतो, त्याच्या आतल्या दांड्या आपापल्या नळीत इतक्या नेमक्या बसवलेल्या असतात की मधली फट जेमतेम २-३ मायक्रॉनची. आपल्या डोक्यावरचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, यावरून कल्पना करा! तिथे धुळीचा कण शिरला की ओरखडा पडलाच. पाणी तर त्याहून वाईट. त्या दांड्यांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. पाणी आलं की वंगण गेलं, गंज धरला आणि दांडी अडकली. पंप दुरुस्तीला द्यायचा म्हणजे आईच्या पाटल्यांवर संकट, एवढं मला त्या वयातही समजत होतं.

आता हे पाणी येतं कुठून? गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसा अर्ध्या रिकाम्या टाकीला रात्री आतून फुटतो. म्हणून अण्णा मुक्कामाला येताना टाकी भरून आणत. अर्थात खिशात पैसे असले तर. पाणी डिझेलपेक्षा जड. ते तळाशी बसतं आणि पहिल्या भांड्याच्या बुडाशी साठत जातं. तिथे एक बोल्ट असतो. खाली आईने मोडीत काढलेली स्टीलची वाटी धरायची, बोल्ट सैल करायचा आणि स्वच्छ डिझेल येईपर्यंत थांबायचं. वाटीत खाली पाणी आणि वर पिवळसर डिझेल, असे दोन थर स्पष्ट दिसत. मग बोल्ट आवळून हातपंप मारायचा. आधी तो पोकळ लागतो, हळूहळू जड होतो. तो जड झाला की मला उगीचच मोठं झाल्यासारखं वाटे.

त्या मे महिन्यात मामेबहिणी राहायला आल्या होत्या. पत्त्यांचा डाव रंगात आलेला. अण्णांनी बाहेरून विचारलं, 'पाणी काढलंस का गं?'

'काढलं!' मी हातातली पानं न सोडता ओरडले.

पुढच्या शनिवारीही तसंच झालं. दुसऱ्यांदा खोटं बोलायला पहिल्याइतकाही वेळ लागला नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी अण्णा चिपळूणहून सांगलीच्या बाजारासाठी हापूसच्या पेट्या भरणार होते. सुट्टी म्हणून मीही बरोबर गेले. रात्री दहाच्या सुमारास पोफळी मागे टाकून गाडी कुंभार्ली घाट चढू लागली. चढावर इंजिनाला डिझेल जास्त लागतं आणि फिल्टरचं दुखणं तिथेच बाहेर पडतं. दोन-तीन वळणांनंतर गाडी धक्के देऊ लागली, मागे पांढरा धूर दिसला आणि ऐन वळणावर इंजिन खोकून बंद पडलं.

ट्रक मागे सरकला. किती, ते सांगता येणार नाही. वीतभर असेल, हातभर असेल. माझ्या बाजूच्या खिडकीतून दरी दिसत होती. अण्णांनी ब्रेक दाबून धरला, हँडब्रेक ओढला आणि 'दगड लाव!' म्हणून ओरडले. क्लीनरने चालत्या पावलीच उडी टाकून मागच्या चाकाला दगड लावला. मग सगळं शांत झालं. केबिनमध्ये पिकत्या आंब्यांचा वास तेवढा भरून राहिला होता.

'टॉर्च धर,' अण्णा मला म्हणाले.

मी टॉर्च धरला. त्यांनी बुडाचा बोल्ट सैल केला, वाटी लावली. पाणी येतच राहिलं. वाटी जवळजवळ भरली तरी डिझेलचा पत्ता नाही. अण्णांनी वाटीकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. वाटी रस्त्याकडेला ओतून ते पुन्हा कामाला लागले. पाणी गेलं तरी आता आत हवा शिरली होती. भांड्यावरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, फेस जाऊन अखंड धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. मग तेच डिझेलच्या पंपावर. तासभर हे चाललं. इंजिन सुरू झालं तेव्हा अण्णांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भिजले होते.

हेळवाकला चहासाठी थांबलो. अण्णांनी माझ्यासाठी बिस्किटांचा पुडा घेतला. बोलले काहीच नाहीत. ते रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. पुढे पुण्याला पत्रकारितेची पदविका करायला जाईपर्यंत मी एकही शनिवार चुकवला नाही. पण खरं काय ते सांगायचं मात्र राहून गेलं.

तो ट्रक २००९ मध्ये विकला. आता धाकट्या भावाची नवी गाडी आहे, २०२० नंतरची, बीएस-सहा. तिच्यात डिझेल १,५०० बारहून अधिक दाबाने फवारलं जातं, त्यामुळे फिल्टरचे लाडही वाढले आहेत. अण्णा कापडी फिल्टर डिझेलमध्ये धुऊन पुन्हा घालत. आता ते चालत नाही, सरळ नवा घालायचा. तोही वरून डिझेल ओतून भरायचा नाही, कारण न गाळलेलं डिझेल थेट पुढे जाण्याची भीती. हातपंपानेच भरायचा. आणि फिल्टरमध्ये पाणी साठलं की डॅशबोर्डवर दिवा लागतो.

गेल्या दिवाळीत मी घरी असतानाच तो दिवा लागला. भाऊ अंगणात पाणी काढत होता, अण्णा खुर्ची टाकून देखरेखीला बसले होते.

'बरं आहे,' ते माझ्याकडे न बघता म्हणाले, 'आता गाडीच सांगते. कुणाला विचारायला नको.'

माझा चेहरा उतरला असणार. चोवीस वर्षं उलटली होती. 'तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?'

'वाटीभर पाणी दोन दिवसांत साठतं होय?'

'मग बोलला का नाहीत?'

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'टाकीच्या झाकणाचं रबर गेलं होतं. वळीव दोनदा कोसळून गेला, सगळं पाणी आत. पाच रुपयांचं रबर. आज आणू, उद्या आणू करत राहिलो. शेजारी पोर बसलेली आणि गाडी मागे चाललेली... तुला कोणत्या तोंडानं बोलणार होतो?'

'आईला माहीत आहे?'

'हळू बोल,' अण्णा म्हणाले आणि भावाकडे वळून ओरडले, 'अरे, हातानं आवळून काय सोडतोस? नीट बघ, थेंब येतोय अजून!'