आपनिरूपण

'दासबोध' शिकवताना सोळाव्या दशकातील 'आपनिरूपण' हा समास आम्ही वर्षानुवर्षे घाईने उरकत आलो. परीक्षेत त्यावर सहसा प्रश्न येत नाही, आणि पाण्याचे एवढे काय निरूपण करायचे, हा विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न आमच्याही मनात असे. समर्थ तिथे सांगतात त्याचा आशय असा, की पाणी ज्या बीजात मिसळते त्याचा स्वाद घेऊन वर येते. उसात गेले की ते गोड होते. 'पंचमहाभूतांपैकी आप' अशी टीप फळ्यावर लिहून आम्ही पुढच्या समासाकडे वळत असू.

जांब समर्थ हे आमचे आजोळ. 1608 साली समर्थ रामदास ज्या गावी जन्मले तिथे आपले आजोळ असावे, ही मराठीच्या प्राध्यापकाने मिरवण्यासारखी गोष्ट, आणि आम्ही ती स्टाफरूममध्ये पुरेशी मिरवली आहे. मामांच्या परड्यात एक आड आहे. लहानपणी रामनवमीच्या उत्सवाला गेलो की त्याचे पाणी ओंजळीने प्यायचो, आणि तसे पाणी पुढे कुठल्याही गावी लाभले नाही, असे आम्ही आजवर मानत होतो.

गेल्या उन्हाळ्यात मामी म्हणाल्या, "बाबा, ह्या पाण्याला पहिल्यासारखी चव राहिली नाही. तू शिकलेला, बघ बरं काय झालंय ते." आम्ही दासबोधावर बोलू शकतो, आडावर नाही. तेव्हा एक बाटली भरून आणली आणि रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्याच्या हवाली केली. त्याने सांगितले ते असे. चव बदलली ती क्षारांमुळे. पण त्याहून गंभीर म्हणजे पाण्यातील नायट्रेट पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने घालून दिलेल्या मर्यादेच्या, म्हणजे लिटरला 45 मिलिग्रॅमच्या, बरेच वर आहे. आणि नायट्रेटला ना रंग, ना वास, ना चव. मामींच्या जिभेने जे ओळखले ते दुय्यम होते. जे ओळखायला हवे होते ते जिभेच्या आवाक्यातलेच नव्हते.

घरात तेव्हा मामेभावाची चार महिन्यांची नात होती, वरच्या दुधावर. दुधाची पावडर त्याच आडाच्या पाण्यात, ते नीट उकळून, कालवली जाई. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते. सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने कमी होऊ शकते आणि अंग निळसर पडते. बाळाला काही झाले नाही. मात्र त्या रात्री आम्ही जांबला फोन केला तेव्हा आमचा आवाज व्याख्यानाचा नव्हता.

हे आले कुठून? आडाच्या वरच्या अंगाला मामांचा ऊस आहे आणि उसाला युरिया आहे. पिकाने न उचललेला नत्र मातीत नायट्रेट होतो. माती त्याला धरून ठेवत नाही, झिरपत्या पाण्याबरोबर तो मुरमातून, काळ्या पाषाणाच्या भेगांतून खाली उतरतो. त्याच अंगाला गोठा, आणि अलीकडे बांधलेल्या संडासाचा शोषखड्डा. त्या उसाच्या पैशावर आमच्या मामेभावंडांची शिक्षणे झाली, आमच्या एम.ए.च्या दोन वर्षांची खोलीभाड्याची रक्कमही मामांनीच दिली होती. म्हणजे आडात उतरलेल्या नत्रात आमचाही वाटा आहे. समर्थांचा दाखला असा उलटा होऊन आमच्यापुढे आला: उसात गेलेले पाणी गोड झाले खरे, पण उसाखालून गेलेले?

'पाणलोट' या शब्दाची आपल्याकडे सवय झाली ती बांधबंदिस्तीच्या योजनांमुळे. आमच्याच जिल्ह्यातील कडवंचीने पाणलोटाच्या कामातून आपले शिवार पालटले, त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पाऊस भरपूर मुरला तर घाणही पातळ होते. पण 'पाणी अडवा, पाणी जिरवा' म्हणताना पाण्यासोबत आणखी काय जिरते, हे त्या घोषणेत बसत नाही.

आणि परड्यातल्या उतारालाच दोष द्यावा तर वरचा मोठा उतार आहेच. परंपरा सांगते की, जांब सोडलेल्या नारायणाने नाशिकजवळ टाकळीला नंदिनी आणि गोदावरीच्या संगमावर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून 12 वर्षे पुरश्चरण केले. त्या नंदिनीला आज लोक नासर्डी म्हणतात. ती सातपूरच्या कारखान्यांच्या बाजूने आणि शहराच्या वस्तीतून सांडपाणी घेत येते. तपाच्या त्या परिसरात, आगरटाकळीला, आता मैलाशुद्धीकरण केंद्र आहे. तिथून गोदावरी पैठणच्या नाथसागरात येते, आणि जायकवाडीचा 208 किलोमीटरचा डावा कालवा तेच पाणी आमच्या घनसावंगी तालुक्याच्या शिवारांतून पुढे परभणीकडे नेतो. समर्थ जिथे उभे राहिले तिथले पाणी त्यांच्या जन्मभूमीच्या वाटेला असे येते. वाटेत नदी स्वतःला थोडीफार धुऊन घेते, हे तिचे सौजन्य.

या खोऱ्यात वरचे आणि खालचे यांचे भांडण जुने आहे. 2005 चा कायदा झाला, 2013 साली मेंढेगिरी समितीने कोष्टक दिले, 2016 मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आला. या भांडणात आम्ही मराठवाड्याच्या बाजूने कडाडून बोललो आहोत. जायकवाडी 65 टक्के भरले की नाही, किती टीएमसी सुटले, हे आम्हांला ऑक्टोबरात तोंडपाठ असते. आले त्या पाण्यात काय होते, असे आम्ही एकदाही विचारले नाही. आणि गोदावरीच्या काठाने आमच्याही खाली परभणी आहे, नांदेड आहे, हेही आठवले नाही.

यंदा रामनवमीला गेलो तेव्हा मामींनी 20 लिटरच्या जारमधून पेला भरून दिला. ते शुद्ध करताना उरणारे खारट पाणी गावच्या नालीत सोडतात, ती नाली ओढ्याला मिळते. आडाचे पाणी आता तुळशीला आणि भांड्यांना. मामांशी युरियाचा विषय काढून पाहिला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "दोन पोती कमी टाकतो. उतारा घटला तर फरक तुझ्या पगारातून देतोस का?" आम्ही पेला तोंडाला लावला. त्या पाण्याला कसलीच चव नव्हती. ओसरीवर पोती रचून ठेवलेली होती, नवी, शिवण न उसवलेली.