हिवाळ्यासाठी टाकीत काय भरावे

मिशिगनमध्ये स्पोर्ट्स कार रस्त्यावरून उतरते ती नोव्हेंबरात, पहिले मीठ पडायच्या आत. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर टाकलेले मीठ गाडीच्या पोटाखालच्या धातूला खाते. कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारचे अंग फायबरग्लासचे, म्हणून वरून काही कळत नाही. खालच्या पोलादी नळ्या मात्र गंजतात. डेट्रॉइटच्या आसपास, जिथे गाड्यांच्या कंपन्यांत नोकरीला आलेली मराठी कुटुंबेही बरीच आहेत, एप्रिलपर्यंत झाकून ठेवलेली गाडी हे नेहमीचे दृश्य. बॅटरीला चार्जर, टायरमध्ये जादा हवा, उंदरांचा बंदोबस्त, यांवर फारसे मतभेद नसतात. वाद रंगतो तो पेट्रोलवर.

पहिला गैरसमज ऑक्टेनचा. पंपावर ८७, ८९, ९३ असे आकडे असतात आणि सर्वांत महाग ते सर्वांत टिकाऊ, असे धरून ९३ भरले जाते. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली पेट्रोल अवेळी पेटू न देण्याची ताकद. टिकण्याशी त्याचा थेट संबंध नाही. (अमेरिकी आकडा दोन पद्धतींची सरासरी असतो, त्यामुळे तिथले ८७ भारतातल्या मोजणीने ९१ च्या जवळपासचेच.) इंजिनाला प्रीमियम लागत असेल तर प्रीमियम भरावे, पण ते चालण्यासाठी, झोपण्यासाठी नव्हे.

पेट्रोल बिघडते दोन वाटांनी. हलके घटक उडून जातात, म्हणून इंजिन सुरू व्हायला कुरकुरते. आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे काही घटकांचा डिंकासारखा चिकटा तयार होऊन इंजेक्टर किंवा कार्ब्युरेटरची बारीक भोके बुजतात. तिसरी भानगड इथेनॉलची. अमेरिकेतल्या बहुतेक पेट्रोलमध्ये ते १० टक्क्यांपर्यंत असते, प्रीमियममध्येही. इथेनॉल पाणी ओढते. मर्यादेपलीकडे पाणी झाले की दोघे मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी बसतात. टाकीतला पंप नेमका तळातूनच ओढतो.

हे सगळे खरे असल्यामुळेच त्याचा गैरफायदा घेता येतो. प्रस्तुत लेखकाची कॉर्व्हेट एका एप्रिलमध्ये सुरू होईना. टो करून नेलेल्या गॅरेजने बॉनेट उघडण्याआधीच निदान केले: इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी झाले. टाकी रिकामी केली, इंजेक्टर साफ केले, फिल्टर बदलला, आणि गाडी तरीही मुकी. दोष निघाला टाकीतल्या पंपाला वीज देणाऱ्या रिलेत, जो बदलायला पाच मिनिटे पुरतात. बिलात मात्र आधीची सगळी कामे राहिली, रिले वेगळा.

गणित मांडले तर ते निदान आधीच कोसळते. साधारण १५ अंश सेल्सियसला १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल अर्धा टक्का पाणी पोटात ठेवू शकते. थंडीत ही मर्यादा खाली येते, पण शून्यावर येत नाही. ७० लिटरच्या टाकीला अर्धा टक्का म्हणजे ३५० मिलिलिटर, दीड-दोन कप पाणी. ते येणार कुठून? टाकी अर्धी रिकामी धरली, तरी २० अंशांच्या दमट हवेच्या ३५ लिटरमध्ये वाफ असते ती सुमारे ०.६ ग्रॅम. नव्या गाडीची टाकी जवळजवळ बंद असते, उघड्या नळीने दिवसरात्र श्वास घेणाऱ्या जुन्या टाकीसारखी नसते. काढलेले पेट्रोल काचेच्या बरणीत घेऊन ठेवले असते तरी दोन थर झालेत की नाही हे डोळ्यांनी दिसले असते. तशी बरणी कोणी दाखवली नाही, आणि टाकीतून निघालेले पेट्रोल कुठे गेले याचेही उत्तर मिळाले नाही. ‘पाणी झाले’ हे निदान गॅरेजला सोयीचे, कारण ते ऐकून गिऱ्हाईकच ओशाळते.

हे गणित मांडून झाल्यावरही पुढच्या शरदात त्याच गाडीत इथेनॉलरहित पेट्रोल गेले. हिशोबाने घाबरण्यासारखे काही नव्हते. हात मात्र तिकडेच वळला. असे पेट्रोल तळ्याकाठच्या बोटींच्या धक्क्यांवर आणि थोड्या पंपांवर मिळते, बहुधा ९० ऑक्टेनचे आणि बरेच महाग. जुन्या रबरी नळ्यांच्या, फायबरग्लासच्या टाक्यांच्या आणि कार्ब्युरेटरच्या गाड्यांना त्याचा खरा फायदा आहे. ९१ किंवा ९३ मागणारी गाडी या पेट्रोलवर जोरात पळवू नये. वसंतात वर ताजे प्रीमियम भरले की भागते.

साध्या पेट्रोलवर भागवायचे तर ताजे भरावे आणि त्यात लगेच स्टेबिलायझर घालावे. स्टा-बिलसारखे द्रव ऑक्सिडेशन थोपवतात, बिघडलेले पेट्रोल सुधारत नाहीत. घातल्यावर गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवावी, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोहोचते. टाकी जवळपास भरलेली असावी: आत हवा कमी तर ऑक्सिजन कमी, आणि लोखंडी टाकी असेल तर उघडी भिंतही कमी. पण नळी आपोआप थांबल्यावर थेंबथेंब ओतू नये. पेट्रोल दर अंशाला सुमारे ०.१ टक्का फुगते, आणि जादा भरलेले वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरून तो निकामी करते. कार्ब्युरेटरच्या गाडीत शेवटी पेट्रोल बंद करून कार्ब्युरेटरमधली इंधनाची वाटी (फ्लोट बोल) आटू द्यावी. इंजेक्शनच्या गाडीत असे मुळीच करू नये, कारण टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

जुन्या गाड्यांचे काही शौकीन विमानाचे १०० लो-लेड भरतात. ते टिकते खूप, पण त्यात शिसे असते, जे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर संपवते. शिवाय १ जानेवारी १९९६ पासून अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांत शिशाचे पेट्रोल वापरायला बंदी आहे. डब्यातले इथेनॉलरहित इंधन वर्षानुवर्षे टिकते, मात्र त्याने अख्खी टाकी भरायची म्हणजे चैनच. ते गवत कापायच्या यंत्राला ठीक.

एप्रिलमध्ये नेहमीसारखे स्टार्ट करावे, इंजिन गरम होऊ द्यावे, आणि टाकी निम्मी झाली की ताज्या पेट्रोलने भरून घ्यावी. वास आंबट, वार्निशसारखा येत असेल तरच काढून टाकावे, आणि ते गटारात न ओतता घातक कचरा घेणाऱ्या सरकारी केंद्रावर द्यावे.